पुनवेची ओहोटी

मोहोळच्या वाचनालयात रोज संध्याकाळी बसणारी आमची चार टाळकी मी परत आल्यापासून मागं लागली आहेत, की किल्ल्यातलं लग्न बघून आलात, आता ते लिहून काढा. आमच्याकडं लग्न म्हणजे शाळेचं पटांगण, घामानं निथळणारे आचारी आणि पंगतीत तिसऱ्यांदा फिरणारी बुंदी. किल्ल्यात लग्न म्हटल्यावर या लोकांना तोफा आणि हत्ती दिसायला लागले. तोफ एकही नव्हती, हे आधीच सांगून टाकतो. बाकी जे होतं ते लिहितो. त्यातली एक गोष्ट लिहावी की नाही, याचा विचार मात्र मी दोन महिने केला.

मी कालवा निरीक्षक म्हणून निवृत्त झालो. बायकोला जाऊन अकरा वर्षं झाली, मूलबाळ नाही. नंदिनी ही माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. बहीण गेली तेव्हा नंदू आठ वर्षांची होती, वडील फिरतीच्या नोकरीत, म्हणून दहावीपर्यंत ती आमच्याकडं वाढली. सायकलच्या कॅरियरवर बसवून मी तिला कालव्यावर न्यायचो. शेतकरी विचारायचे, साहेब, पाणी कधी येणार? मी सांगितलेली वेळ चुकायची नाही. ही मागून माझा शर्ट धरून त्यांना बजावायची, "मामानं सांगितलंय ना, मग येणारच." पुढं वडीलही गेले, ती मुंबईला शिकायला गेली, कपड्यांची डिझाइनर झाली, मासिकांत तिचे फोटो यायला लागले. पत्रं यायची ती कमी होत होत दिवाळीपुरती उरली. तिला वेळ नसतो, हे मी लोकांना सांगत असे आणि स्वतःलाही.

पत्रिका आली ती काळ्याभोर कागदावर. गणपती नाही, कुलदैवत नाही. नवरा मुलगा विनय, त्याच्या वडिलांचा बोईसरला कापड रंगवायचा कारखाना. वैशाखी पौर्णिमा, गोरज मुहूर्त, तारापूरचा किल्ला. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, की पाहुण्यांनी ऑफ-व्हाइट रंगाचे कपडे घालावेत. वाचनालयातल्या मास्तरांना विचारलं तर म्हणाले, "पांढरट." पांढरे कपडे घालून आम्ही जातो ते वेगळ्या ठिकाणी, आणि तिथं पत्रिका लागत नाही.

आता मामाचं सांगतो. नवरीच्या मामाला लग्नात एकच मोठं काम असतं, पण ते दुसऱ्या कुणी केलेलं चालत नाही. भाचीला बोहल्यावर आणायचं आणि अंतरपाट धरला की तिच्या मागं उभं राहायचं, मंगलाष्टकं संपेपर्यंत हलायचं नाही. बहीण नाही, बायको नाही. या जगात मला हक्कानं उभं राहायला एवढीच एक जागा शिल्लक होती. तेवढ्यासाठी मी निघालो, कुणाला काही वाटो.

वैशाख शुद्ध त्रयोदशी

मामा म्हणजे दोन दिवस आधी पोचायला हवा, हे माझ्या डोक्यात पक्कं. गुलाबी पटका, कडक भाकऱ्यांची चवड, शेंगांची चटणी आणि पत्र्याची ट्रंक घेऊन दुपारी बोईसरला उतरलो. माझ्याबरोबर उतरलेले सगळे पाळीला जाणारे कामगार. कुणी पूर्णियाचा, कुणी लातूरचा, आणि सगळ्यांची हिंदी आपापल्या गावची. रिक्षावाल्यानं माझी ट्रंक बघून विचारलं, "चाचा, कौन सी कंपनी?" मी म्हटलं, शादी में. "तो ये पेटी?" त्याचं बरोबर होतं. त्या ट्रंकेत मी राहायला चाललोय असंच वाटत होतं.

कारखान्यांची धुराडी संपली, अणुवीज केंद्राच्या वसाहतीकडं जाणाऱ्या बसगाड्या मागं पडल्या, ताडाची झाडं लागली आणि वारा एकदम खारट झाला. किल्ला पोर्तुगीजांनी बांधला असं सांगतात. तट काळाकुट्ट, आणि आत बघावं तर कुणाची तरी खासगी वाडी: नारळ, चिकू, गोड्या पाण्याची विहीर. बुरुजाला माणसं शिड्या लावून पांढरं कापड गुंडाळत होती. एवढं कापड आमच्या तालुक्याला सदऱ्यांना पुरलं असतं.

सगळा कार्यक्रम बसवणारी एक बाई मुंबईहून आली होती, शिल्पा नावाची. हातात कागदांची फळी, कानामागं पेन्सिल. "अंकल, तुम्ही परवाचे ना?"

"मी मामा आहे. नवरीचा."

"हो, पण परवाचे." तिनं यादीत पाहिलं. नंदिनी उद्या दुपारी मुंबईहून येणार होती. हॉटेलातल्या खोल्याही उद्यापासूनच्या. हळद नाही, मुहूर्तमेढ नाही, त्यामुळं दोन दिवस आधी येणाऱ्या माणसाची कुणी कल्पनाच केली नव्हती. मी ट्रंकेवर बसलो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

अंगण झाडायला लावलेल्या बायकांतली एक बराच वेळ माझ्याकडं बघत होती. जवळ आली आणि म्हणाली, "मामा, ऊन किती हाय. आमच्याकडं चला. ओटीवर खाट हाय." या जानकीबाई. घर किल्ल्यापासून हाकेच्या अंतरावर, खाडीच्या कडेला. नवरा मासेमारीला बोटीवर, मुली सासरी. अंगणात बांबूच्या दांड्यांवर बोंबील वाळत घातलेले. त्यांच्या वासानं पहिला अर्धा तास मी तोंडानंच श्वास घेतला.

त्यांनी तांदळाची भाकरी आणि बोंबलाचं कालवण वाढलं. माशाच्या काट्याला मी जन्मभर भ्यालो आहे, तसं सांगितलं. "याला काटा कसला? दात नाय आलेली पोरंबी खातात." खाल्लं. दुसऱ्यांदा मागून घेतलं. मग मी माझी कडक भाकरी काढून दिली. त्यांनी ती बोटानं वाजवून पाहिली आणि विचारलं, "ह्ये खायचं, का छपराला घालायचं?" कित्येक महिन्यांनी कुणाबरोबर तरी जेवताना हसलो.

शुद्ध चतुर्दशी

सकाळी साडेदहा-अकराला ओटीवरून पाहिलं तेव्हा पाणी अंगणाच्या कुंपणाला लागलं होतं. एकच्या सुमाराला पाहिलं तर अर्धं गेलेलं, आणि खाली चिखल उघडा पडायला लागलेला. मी बत्तीस वर्षं पाण्याची दारं उघडली आणि लावली. दार कुणी लावलेलं नसताना एवढं पाणी जातं म्हणजे काय? मी अस्वस्थ होऊन जानकीबाईंना हाक मारली.

त्या बोंबील उलटेसुलटे करत होत्या. "सुकती लागली, दुसरं काय. तिथीची पाऊणपट करायची मामा, तेवढ्या वाजता भरती. आज चौदस, म्हंजे साडेदहा. तिथनं सहा तासांनी सगळं खाली."

हिशेब सोपा होता आणि मला तो फार आवडला. पंचांग आणि घड्याळ, बास. आमच्या खात्यात याला तीन कारकून लागले असते. मी सहज पुढचा आकडा केला. उद्या पौर्णिमा. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. त्यात सहा घातले की सव्वापाच.

"म्हणजे उद्या दिवस मावळताना—"

"पाणी ह्ये तिकडं." त्यांनी क्षितिजाकडं हात केला. "पुनवेची सुकती लई लांब जाते. आन् ते तर नवऱ्याला लाँचीनं आणणार हायत, किल्ल्याच्या खाली, दिवस बुडताना. मुंबईची लाँच. आमच्या पोरांची बोट घेतली असती तर पोरांनीच सांगितलं असतं."

"तुम्ही त्यांना सांगितलं नाही?"

"आमाला कोण विचारतं? झाडू मारायला बोलावलं, झाडू मारला. तुमी नवरीचे मामा. तुमी सांगा, तुमचं ऐकतील."

तुमचं ऐकतील. ते शब्द ऐकून मला एकदम बरं वाटलं. म्हणजे मामाला काम होतं. मी तोंड धुतलं, धुवट सदरा घातला आणि किल्ल्यावर गेलो.

नंदू एका जुन्या कोठीत आरशासमोर उभी होती. तीन मुली तिच्या अंगावरच्या कापडाला टाचण्या लावत होत्या. वर्षभरानं पाहिलं तिला. बारीक झाली होती आणि हुबेहूब माझ्या बहिणीसारखी दिसत होती. तिच्या ओठांत टाचण्या धरलेल्या. मला पाहून डोळ्यांनी हसली, एक हात पुढं केला, तो एका मुलीनं परत सरळ करून ठेवला. खांद्यापासून मागं शेला सोडला होता, गुलाबीत पिवळी झाक असलेला, बारा हात तरी लांब, सासऱ्यांच्या कारखान्यात रंगवलेला. चांगला होता. मला कपड्यातलं कळत नाही, पण चांगला होता.

मी पाण्याचं बोलणार होतो. पण तोंडातून आधी दुसरंच निघालं. "उद्या मी नक्की कुठं उभं राहायचं?"

उत्तर शिल्पानं दिलं. "अंकल, मागं कुणीच नाही. हा शेला पायऱ्यांवरून खालपर्यंत पसरणार, वरून फोटो आहे. मागं माणूस आला तर फ्रेम जाते. तुमची खुर्ची तिसऱ्या रांगेत."

मी नंदूकडं पाहिलं. तिनं तोंडातल्या टाचण्या काढल्या. "मामा, समोरून तुला छान दिसेल रे सगळं." ती हे प्रेमानं म्हणाली. ते मला तेव्हाही कळत होतं. लग्नात कोण कुठं उभं राहतं, हे मुंबईला इतकी वर्षं राहिलेल्या मुलीला कुणी सांगितलं होतं? सांगायला तिची आई नव्हती, मामी नव्हती. मी होतो, आणि मीही कधी सांगितलं नाही. पण त्या घटकेला हे शहाणपण मला पुरलं नाही.

"तू काही सांगायला आला होतास का?" तिनं आरशातून विचारलं.

"नाही. सहज आलो," मी म्हटलं.

आणि बाहेर पडलो. तटावरून पाहिलं तर पाणी पार मागं गेलं होतं, मोकळ्या चिखलात बगळे चालत होते. मी मनाशी म्हटलं, होऊ दे फजिती. मामा नको ना यांना, मग मामाचं पाणीही नको. या वयात हे सुचलं मला. त्या दुपारी माझं वय आठ होतं आणि नंदूचं साठ.

संध्याकाळी शिल्पाबाईंनी हॉटेलातल्या खोलीची किल्ली पाठवली. मी गेलो नाही. जानकीबाईंनी विचारलं, "सांगितलं ना?" मी मान हलवली. ती हो होती की नाही, हे त्यांच्यावर सोडलं.

पौर्णिमा

साडेपाचला सगळे जमले. सव्वाशे माणसं ऑफ-व्हाइट कपड्यांत, आणि तिसऱ्या रांगेत एकटा मी गुलाबी पटक्यात. वाकणार तर नव्हतोच. शेजारच्या बाईंनी मला विचारलं, "तुम्ही लोककलाकार का?" मी म्हटलं, होय, आमचा कार्यक्रम शेवटी आहे.

करवल्या म्हणून मुंबईच्या उंच मुली एकीमागून एक चालत आल्या, कमरेवर हात ठेवून थांबल्या, वळल्या, परत गेल्या. एकीच्याही हातात करा नव्हता. थंड नारळपाणी आणि टाचणीएवढे खाण्याचे तुकडे फिरत होते. भटजी कोपऱ्यात घड्याळ काढून बसले होते. या सगळ्यात जुनं म्हणावं असं तेवढंच होतं, गोरज मुहूर्त. तो कुणी धरून ठेवला होता तेही मला तिथंच कळलं. विनयच्या आईनं, कुसुमताईंनी. बाकी सगळं तुमच्या मनासारखं करा, पण मुहूर्त माझा, असं त्यांनी पोरांना सांगितलं होतं. म्हणजे त्या गावात माझ्या जातकुळीचं एकच माणूस होतं, आणि ते त्या लाँचवर बसलेलं होतं.

सव्वासहाला लाँच दिसली. फुलांनी मढवलेली, आत सनई लावलेली. लोक टाळ्या वाजवत तटाशी गेले. लाँच थोडी पुढं आली, मग थांबली. यंत्र जोरात गुरगुरलं, मागं काळा चिखल उडाला आणि ती एका अंगाला कलली. सनई मात्र चालूच होती. आधी लोक हसले. मग कितीही जोर लावला तरी लाँच चिखलातून हलेना आणि हसणं थांबलं.

मी खुर्चीवरून उठलो नाही. मला माहीत होतं काय दिसेल.

विनय आणि त्याचे वडील चिखलात उतरले, मांडीपर्यंत गेले. कुसुमताईंना उतरवेना. मग गावातल्या बायका ओचे खोचून निघाल्या, पुढं जानकीबाई. चिखलात पाय कुठं टाकायचा हे त्यांना ठाऊक. दोघींनी हातांची बैठक केली, त्यावर कुसुमताईंना बसवलं आणि आणलं. शालूचा काठ चिखलानं बरबटलेला. तटाच्या दाराशी त्यांना खाली ठेवलं तेव्हा भटजी घड्याळ खिशात घालत होते. कुसुमताई कुणावर ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "मी एकच गोष्ट मागितली होती." आणि तोंडाला पदर लावला.

नंदू वर पायऱ्यांवर पाऊण तास एकटी उभी होती. मागं बारा हात शेला पसरलेला, म्हणून कुणी तिच्या जवळ जात नव्हतं. ती एकदम खाली उतरली. शेला दगडांवरून फरफटत आला. शिल्पा "नंदिनी, नंदिनी" करत मागं. ती रांगांमधून वाट काढत सरळ माझ्यापाशी आली आणि शेल्याचा बोंगा माझ्या हातात दिला.

"मामा, हे धर. पाणी कधी येणार?"

"नऊला पायऱ्यांना लागेल," मी म्हटलं. तोंडातून आपोआप निघालं.

तिनं मान डोलावली. अगदी कॅरियरवर बसून डोलवायची तशी. "मग थांबण्यात अर्थ नाही. चला, आहे तसंच लावू." आणि मला म्हणाली, "तू माझ्या मागं उभा राहा. हे जमिनीला लागू देऊ नकोस."

असं ते लग्न लागलं. चंद्र वर आला होता, नवरा मुलगा मांडीपर्यंत काळा, भटजींनी मंगलाष्टकं भरभर म्हटली. मी भाचीच्या मागं, दोन्ही हातांवर शेला घेऊन. तसूभरही हललो नाही. जिच्यासाठी पाचशे किलोमीटर आलो ती जागा मला मिळाली होती. अंतरपाटापलीकडं कुसुमताई दिसत होत्या, नजर आपल्या पायांकडं, ओठ घट्ट. अक्षता टाकायला हात मोकळे नव्हते, हे बरंच झालं. त्या हातांनी मी काय टाकणार होतो?

वद्य प्रतिपदा

सकाळी जानकीबाई दारात पाय घासत बसल्या होत्या. चिखल बोटांच्या बेचक्यांतून निघत नव्हता. मी ट्रंक बंद केली.

"मामा, तुमी सांगितलं नव्हतं ना?"

"नाही."

"मला वाटलं, सांगितलं आन् त्यांनी ऐकलं नाय." त्यांनी पायांवर तांब्या ओतला. "ती म्हातारी आमच्या हातांवर कापत होती. पोरीचं वाईट होईल, पोरीचं वाईट होईल, सारखं तेच. आपलं नाय, पोरीचं."

मला वाटलं त्या आणखी काही बोलतील. बोलल्या असत्या तर हलकं झालं असतं. त्यांनी आत जाऊन वाळलेल्या बोंबलांची पुडी आणली आणि माझ्या ट्रंकेवर ठेवली. कडक भाकऱ्यांतली एक त्यांनी ठेवून घेतली होती, ती मुलींना दाखवायला.

किल्ल्यावर निरोप घ्यायला गेलो नाही. बोईसरच्या फलाटावर रात्रपाळीचे कामगार डबे घेऊन परतीच्या गाडीसाठी बसले होते, एकमेकांच्या खांद्यावर मान टाकून झोपलेले. मी त्यांच्यात पटका काढून बसलो. माझ्याकडं कुणी पाहिलं नाही आणि मला तेच हवं होतं.

घरी आल्यावर महिन्यानं नंदूचं पत्र आलं. सोबत एक फोटो. त्यात ती आहे, विनय आहे, आणि तिच्या मागं मी, पटका जरा वाकडा. तिनं लिहिलंय, की सगळ्या फोटोंत हाच चांगला आला, शिल्पासुद्धा म्हणाली. सासूबाई अजून धास्तावलेल्या असतात, मला ताप आला तरी त्यांना तो मुहूर्त आठवतो, मी समजूत काढते. आणि सगळ्यात खाली, वेगळ्या शाईत:

"मामा, तू नऊ वाजता म्हणालास आणि बरोबर नऊलाच पाणी आलं. आदल्या दिवशी तू कोठीत आला होतास, तेव्हा काय सांगायला आला होतास?"

दोन महिने मी या पत्राला उत्तर दिलेलं नाही. वाचनालयातल्या मंडळींना वाटतं मी हे त्यांच्यासाठी लिहितोय. त्यांनी वाचावं, मला ओळखावं, हरकत नाही. पण याची पहिली प्रत मी मुंबईला पाठवतो आहे.

नंदू, मी पाण्याची वेळ सांगायला आलो होतो. तू विचारलंस, आणि मी सांगितली नाही.